खलातलं फसवं पान

आज दुपारी चादरींच्या घड्या घालत होते. दोन झाल्या, तिसरीचं टोक हनुवटीखाली धरलेलं, तेवढ्यात नणंदबाई दारात.

"वहिनी, घोळ झालाय."

मी चादरीचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. हाताला काम असलं की त्यांचं तोंड मोकळं होतं.

नणंदबाई भाजलेल्यावर पाल्याचा लेप देतात. त्यांच्या सासूने शिकवलेला. बेकरीतला भट्टीवाला, इस्त्रीवाला, हातावर गरम पाणी सांडलेली पोरं, सगळे त्यांच्याच दारात. पैसे घेत नाहीत. "बरं करणारा वर बसलाय, मी नुसती वाटणारी," म्हणतात. मागच्या महिन्यात एका मलमाच्या कंपनीचा माणूस गोड बोलून डबीभर लेप घेऊन गेला, तेव्हापासून त्यांची झोप उडाली. उद्या त्याने हा आपलाच शोध म्हणून पेटंट घेतलं तर? म्हणून काल पारंपरिक औषधांच्या नोंदणी कार्यालयातल्या बाई कॅमेरा घेऊन आल्या, सगळी कृती टिपून गेल्या. पेटंट तपासणारे या कार्यालयाच्या संगणकातल्या नोंदी बघतात. तिथे औषध आधीच असलं की कंपनीचं काही चालत नाही.

"मग घोळ कसला?" मी विचारलं. "काल तर छान बोललात. केससुद्धा विंचरले होते, नवलच!"

"थट्टा पुरे. अहो, मी फसवं पान टाकलं!"

ही त्यांच्या सासरची रीत. कुणी बघत असलं की खलात एक बिनकामाचं पान जास्तीचं टाकायचं, म्हणजे बघणाऱ्याला नक्कल साधत नाही. काल कॅमेरा समोर आला आणि हात सवयीने तिकडे गेला.

"त्याने अपाय होतो का?"

"छे! पण आता नोंदीत तेच चढलं ना. ते वगळून कंपनी म्हणेल, आमचं औषध वेगळं."

"मग फोन करा त्या बाईंना."

"काय सांगू? तुम्हाला गंडवलं म्हणून? आणि सासूबाईंनी जन्मभर झाकलेलं मी उघडं पाडू?"

"वन्सं, कुणी पळवू नये म्हणूनच त्यांनी झाकलं ना? आता झाकून ठेवलंत तर पळवणाऱ्याचंच फावेल."

चादर आमच्या दोघींत ताणलेली. त्यांनी टोक सोडलं आणि फोन लावला. बाई पलीकडे खळखळून हसल्या, मलाही ऐकू आलं.

"मावशी, एक हाडं बसवणारे काकासुद्धा तेलात उगाच एका झाडाची साल घालून दाखवून गेले! नोंद अजून कच्चीच आहे. उद्या सकाळी पुन्हा करू. आणि ते पान का टाकायचं, तेही लिहून घेऊ."

फोन ठेवून नणंदबाई म्हणाल्या, "सासूबाई वरून ओरडणार मला."

"ओरडू देत. नोंदीत नाव कुणाचं सांगितलंत?"

"त्यांचंच की."

"मग ओरडून ओरडून किती ओरडतील!"

तेव्हा कुठे हसल्या. संध्याकाळी मी देवापुढे बसले तेव्हा त्यांच्या सासूबाईंनाही हात जोडले.

तिसरी चादर तशीच पडली आहे. उद्या बाई यायच्या आत आम्हा दोघींना कालव्याकाठी जाऊन लेपाचा ताजा पाला आणायचा आहे.