तिवस्याला जाऊन आलेले स्क्रू

मुलांनो, आजीचा कॉम्प्युटर आता झटकन सुरू होतो, एवढंच तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं असेल. ते खरंच आहे. पण मधल्या एका दिवसात त्याचे स्क्रू तिवस्याला जाऊन पाहुणचार घेऊन आले, हे त्यांना धड माहीत नाही. म्हणून मीच सांगते.

हा कॉम्प्युटर तुमच्या बाबांनी परदेशी जाताना माझ्यासाठी मांडून दिला होता. वेगळा डबा नाही, सगळं काही पडद्याच्याच पोटात. दिसायला अजून रुबाबदार, पण चालीने फार मंदावला होता. बटण दाबून मी देवाला फुलं वाहायची, तुळशीला पाणी घालायची, परत यायची, तरी पडद्यावर चक्र आपलं फिरतंच आहे. आपला मराठीचा वर्ग माझ्या रविवारी सकाळी, म्हणजे तुमच्या शनिवारी रात्री. तोवर तुमच्या पडद्यावरही माझ्या जागी चक्रच फिरायचं, आणि माझा चेहरा उगवेपर्यंत धाकटीची मान पुस्तकावर पडलेली असायची. शाळेत 'माझी आजी' काढायला सांगितली, तर तिने एक गोल काढला आणि त्याच्याभोवती बाण. सगळे हसले, मीही हसले. मग उगाचच पडदा पुसत बसले.

शेवटी बाबा म्हणाले, "आई, या रविवारीही असंच झालं तर वर्ग थांबवू या. मुलीची झोप होत नाही." फोनवर वर्ग घेणं मला जमण्यासारखं नव्हतं. तिथे तुमचा 'घ' आणि 'ध' मला सारखाच दिसतो, मग वही काय तपासणार?

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "आजी, याले आता आराम द्या. नवा घ्या." माझ्या वयाच्या बाईसमोर जुन्या वस्तूबद्दल असं बोलू नये, हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी कॉम्प्युटर तसाच घरी आणला आणि वाचायला बसले. दोष साऱ्या यंत्राचा नव्हता. आतली डिस्क जुन्या पद्धतीची, गरगर फिरणारी. तिच्या जागी नवी एसएसडी बसवली की झालं. तिच्यात फिरणारं काही नसतंच.

नवी डिस्क आली, सोबत हत्यारांची पुडीही आली. अकोल्याहून माझी नणंद, तुमच्या बाबांची आत्या, मदतीला आली. तिचा शिवणाचा क्लास आहे, हात अजिबात थरथरत नाही. जीभही नाही.

आधी नवी डिस्क बाहेरून केबलने जोडून जुनीतलं सगळं तिच्यात उतरवून घेतलं. त्याला एक अख्खा दिवस गेला. शनिवारी सकाळी पडदा उघडायला घेतला. तो कडेने डिंकपट्टीने चिकटवलेला असतो. ती पट्टी कापायला पुडीत प्लास्टिकचं छोटं चाक होतं, मूठ लावलेलं. नणंदेने ते हातात घेतलं मात्र, तिचा चेहरा उजळला.

"वैनी, हे तं करंज्याचं कातण हाय!"

"कातण नाही वन्सं, हे खास हत्यार आहे."

"असंन. पर कडा तं कातायच्याच ना?"

आणि तिने खरोखर करंजीची कड कातावी तशी चारी बाजूंनी पट्टी कातली. मी इंग्रजीतल्या सूचना मोठ्याने वाचत होते, ती सूचनेच्या एक कोपरा पुढे होती. आतल्या तारा सोडवल्या. पडदा दोघींनी मिळून उचलून दिवाणावर गोधडीत ठेवला. जुनी डिस्क बाहेर आली. तिचे इवलेसे स्क्रू घरंगळू नयेत म्हणून मी एका झाकणाच्या स्टीलच्या डबीत टाकले, झाकण घट्ट लावलं आणि मऊ फडकं शोधायला आत गेले.

इथेच घात झाला. डबी समोरच्या घरातल्या शेजारणीची होती. तिने परवा तीतून लसणाची चटणी पाठवली होती. मी डबी घासून, पुसून टेबलावर ठेवलेली. नेमकी त्याच वेळी ती दारात आली.

"काकू, माही डबी द्या ना! तिवस्याले लेकीकडं चालली, गाडीची वेळ झाली."

आता आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे तुम्हाला मी सांगितलेलंच आहे. नणंदेने डबी उचलली, कानाशी हलवली. आत काहीतरी खुळखुळलं. वैनीने आठवणीने भरून ठेवलेली दिसते, असं म्हणून तिने ती देऊन टाकली.

मी फडकं घेऊन आले. "वन्सं, इथली डबी?"

"देल्ली ना. भरेल होती."

"अहो, त्यात स्क्रू होते!"

नणंद दिवाणावर बसणार होती, पडदा आठवून उभीच राहिली. "मंग खायाच्या डबीत खिळे कावून ठेवले? मले काय सपन पडलं?"

शेजारणीचा फोन लागेना. पोट उघडं टाकलेला कॉम्प्युटर टेबलावर, पडदा दिवाणावर, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. इतके बारीक, असल्या डोक्याचे स्क्रू आसपासच्या दुकानात मिळेनात. "टाके घालून डिस्क बसवता आली असती तं पाच मिनिटांत बसवली असती," असं नणंद दर थोड्या वेळाने म्हणत होती. धूळ बसू नये म्हणून तिने पडद्यावर आपली इस्त्रीची साडी पांघरली आणि दुपारभर राखण करत बसली.

दुपारी शेजारणीचाच फोन आला. आवाज दबलेला. "काकू, तुमी काय बांधून देल्लं होतं? मी इहीणबाईच्या समोर डबी उघडली."

"अगं, मग?"

"त्या इचारून राहिल्या, हे भिजवून घ्यायचं का तसंच तळायचं!"

नणंदेने तोंडात पदर कोंबला. मी शक्य तितक्या गंभीरपणे सांगितलं, की ते स्क्रू आहेत, एकही हरवू देऊ नकोस, उद्या माझ्या नातींचा वर्ग आहे. संध्याकाळच्या गाडीने ती परतली आणि घरी न जाता थेट आमच्याकडे आली. डबी जड लागली म्हणून मी झाकण उघडलं, तर वर बेसनाचे लाडू. तिवस्याची विहीणही आपल्यातलीच, ती तरी रिकामी डबी कशी पाठवील? स्क्रू खाली तुपात बसलेले. एक सापडेना. तो नणंदेला लाडवात सापडला, दाताखाली. पुढचा प्रत्येक लाडू तिने आधी फोडून पाहिला.

स्क्रू गरम पाण्यात धुतले, कोरडे केले. नवी डिस्क बसली, तारा जोडल्या, पडदा नुसता टेकवून सुरू करून पाहिला, आणि मगच नव्या पट्ट्या लावून चिकटवला. नणंदेने कडा अंगठ्याने दाबत आणल्या. मुरड तेवढी घातली नाही.

रविवारी बटण दाबलं आणि सवयीने देवघराकडे वळले. काडेपेटी हातात घेतली नाही तोच मागून नणंद ओरडली, "वैनी, आल्या पोरी!"

धाकटे, तू टक्क जागी होतीस. तरी मला पाहून तुझा चेहरा पडला.

"आजी, चक्र कुठे गेलं?"

"गेलं बाई एकदाचं."

"पण मी त्याला दर वेळी हाय म्हणायची."

याचं उत्तर सूचनांमध्ये नव्हतं. नणंद उठून स्वयंपाकघरात गेली, पितळेचं कातण घेऊन आली आणि कॅमेऱ्यासमोर बोटाने त्याचं चाक गरगर फिरवलं. "हे घे माय, तुही जुनी आजी!"

तू हसलीस, चक्राला हाय केलंस, आणि मग पुस्तक उघडून धडा पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलास. वहीही वर धरलीस. त्यात 'घ' म्हणून लिहिलेले तीन 'ध' मला इथून अगदी स्वच्छ दिसले. ते सुधारून ठेव.