कव्वालांची तहान

माझ्या लग्नात मैत्रिणीनं मला एक रेकॉर्ड दिली, आणि सासरी ती वाजवायला काहीच नव्हतं.

माहेर माझं सिल्लोडचं. मैत्रिणीचे वडील कापसाचे दलाल. त्यांच्या घरी चावी देऊन वाजवायचा ग्रामोफोन होता, आणि शाळा सुटली की आम्ही दोघी त्याच्यासमोर फतकल मारून बसत असू. त्यांच्याकडं एका कव्वाली पार्टीची ती रेकॉर्ड होती. आधी पेटी, मग मुख्य गाणाऱ्याचा जाडसर, थोडा खरखरीत आवाज, मग टाळ्या. त्या टाळ्या सुरू झाल्या की माझ्या पाठीतून काहीतरी सरसरत जायचं. शब्द फारसे कळायचे नाहीत, पण पाठ मात्र सगळी होती. रेकॉर्ड सारखी लावून लावून मैत्रिणीच्या घरचे इतके कंटाळले होते, की ती मला देऊन टाकताना तिच्या आईनं मनापासून आशीर्वाद दिला.

सासर पडेगावला. थोडी शेती, पत्र्याचं घर, सासू, सासरे, आणि पाटबंधारे खात्यात नोकरी करणारे, रोज सायकलवर औरंगाबादेत जाणारे आमचे हे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी. आत्याबाईंनी माझी पेटी उघडून रुखवत बघितलं, तेव्हा रेकॉर्ड हातात घेऊन विचारलं, "हा तवा कशाचा गं? ह्याच्यावर भाकर चिकटंल."

"तवा नाय आत्याबाई, गाणं आहे त्यात."

त्यांनी कानाला लावून बघितली आणि परत ठेवली. सून जरा येडसर मिळाली, असं त्या दिवशी त्यांच्या मनात पक्कं झालं असावं.

वर्षभर ती रेकॉर्ड लुगड्यांच्या घडीत होती. मग ह्यांच्या साहेबांची बदली झाली. सामान बांधायला हे गेले, आणि साहेबांनी अडगळीतला रेकॉर्ड प्लेअर ह्यांना देऊन टाकला. सुई बदलून, दोन तारा जोडून तो चालू झाला. पहिल्यांदा टाळ्या ऐकू आल्या तेव्हा मी कणकेच्या हातानं बाहेर आले. आत्याबाईंनी आधी दाराबाहेर डोकावलं, कोण लोक आलेत म्हणून.

खरी गंमत मात्र मामंजींची झाली. ते निजामाच्या काळात शिकलेले, म्हणजे सगळं शिक्षण उर्दूत. तेव्हा पंचक्रोशीतले लोक कागद वाचून घ्यायला त्यांच्याकडं यायचे. पोलीस ॲक्शननंतर कारभार मराठीत आला आणि त्यांची उर्दू, गोधडी गुंडाळून माळ्यावर टाकावी तशी पडून राहिली. ती एकाएकी खाली आली. गाणं चालू असताना ते डोळे मिटून "वाह" म्हणाले. बायकोसमोर ते असं काही पहिल्यांदाच म्हणत होते, त्यामुळं आत्याबाई लगेच सावध झाल्या.

"काय म्हणतोय तो?"

"तो साकीला बोलवतोय."

"कोण ही साकी?"

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. सुनेसमोर दारूचं नाव कसं घ्यायचं? "साकी म्हणजे... वाढपी. पाणी वाढणारा."

"आन् मयखाना?"

"मोठी पाणपोई."

"इतकी तहान?"

"मरुभूमीतली गाणी हाईत ती," मामंजी म्हणाले आणि उठून गोठ्यात गेले.

त्या दिवसापासून मी त्या पार्टीची भक्त होते ती उघडपणे झाले. पगाराच्या दिवशी इतरांचे नवरे गजरा आणतात, मी ह्यांना शहागंजातल्या दुकानातून आमच्या पार्टीची रेकॉर्ड आणायला सांगायची. एकदा हे भलत्याच पार्टीची घेऊन आले. मी रुसले तर म्हणाले, "अगं, फोटोत टोपी तर तीच होती!" पुढं मी स्वतःच जाऊ लागले. दुकानदार मला बघितलं की न विचारता आमच्या पार्टीचा खण उघडायचा. हळूहळू कपाटातला एक आख्खा कप्पा भरला. साड्या खाली गेल्या, रेकॉर्डी वर आल्या. मामंजी प्रत्येक नव्या गाण्याचा अर्थ सांगायचे, आणि प्रत्येक गाण्यात कुणीतरी पाण्यावाचून तळमळत असायचं. आत्याबाई हळहळायच्या.

मग एका उन्हाळ्यात घात झाला. मी आठवडाभर माहेरी गेले होते. आत्याबाईंनी वर्षाचं वाळवण काढलं, गोधड्या, धान्य, पापड, सगळ्याला ऊन दाखवलं, आणि कपाटाला दमट वास येतोय म्हणून माझ्या रेकॉर्डींनाही. बाकीच्या बाजेवर पसरल्या, तिथं लिंबाची सावली होती. पण मैत्रिणीनं दिलेली ती पहिली रेकॉर्ड माझी लाडकी, हे त्यांना ठाऊक. म्हणून तिला खास वर, पत्र्यावर ठेवली.

"जरा चांगलं ऊन लागावं म्हणलं," त्या मला दारातच म्हणाल्या. हातात रेकॉर्ड होती. तिला कडेनं झालर आली होती.

मी रडले नाही, पण जेवलेही नाही. मामंजींनी ती चुलीजवळ ऊब देऊन दोन पाटांमध्ये दाबली आणि वर जात्याची पाळ ठेवली. दुसऱ्या दिवशी लावून बघितली. सुई वर चढायची, खाली उतरायची. गाणारा आधी लांब हेल काढायचा आणि मग एकदम धावत सुटायचा.

"घाटात गाडी लागल्यावाणी गातोय," आत्याबाई बारीक आवाजात म्हणाल्या.

शहागंजच्या दुकानदारानं हात वर केले. "बाई, वो माल अब नहीं आता."

आत्याबाईंच्या जीवाला ते लागून राहिलं. माझ्या ताटात साय जास्त पडू लागली.

थंडीत खुलताबादचा उरूस आला आणि त्यात आमचीच पार्टी गाणार अशी खबर आली. त्याच दिवशी सकाळी आत्याबाईंचा दौलताबादचा भाऊ पेरूच्या पाट्या घेऊन शहराकडं निघाला होता, तो टेम्पो थांबवून दारात आला. "अक्का, तुझ्या सुनंचे ते गाणेवाले आमच्या किल्ल्यावर आलेत. आत्ताच वर चढले."

आत्याबाईंनी चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. "चल गं. त्याच्याकडंच मागू एक. त्यानंच गायलंय, घरात दोन-चार असतीलच की."

मामंजींनी नको नको म्हणतच कोट घातला. मी ती झालरवाली रेकॉर्ड पिशवीत घेतली, आत्याबाईंनी पाण्याची कळशी आणि तांब्या घेतला, आणि आम्ही मिळेल त्या एसटीनं दौलताबादला गेलो.

पार्टी किल्ल्यावरून खाली येत होती. मुख्य गाणारे उस्ताद चांगले भरदार अंगाचे. दोघा जणांनी त्यांना धरलं होतं. घामानं अंगरखा चिकटलेला, तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी मामंजींच्या मागं सरकले. आत्याबाई मात्र सरळ पुढं झाल्या आणि तांब्या भरून त्यांच्यासमोर धरला.

"प्या बाबा. मला म्हाईत हाय तुमाला किती तहान लागती ते."

उस्तादांनी घटाघटा तांब्या संपवला. "अम्मा को कैसे मालूम?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या रेकॉर्डी ऐकल्यात मी."

ते बावचळून बघत राहिले. तेव्हा मामंजी घसा खाकरून पुढं आले आणि उर्दूत बोलू लागले. मी त्यांना कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. पाठ ताठ झाली, हात छातीशी गेला. पार्टीतले लोक एकमेकांकडं बघून माना हलवू लागले. उस्तादांनी त्यांना शेजारी दगडावर बसवून घेतलं.

मी रेकॉर्ड काढून दिली. उस्तादांनी ती फिरवून फिरवून बघितली. "ये हमने गाया था?"

पेटीवाले म्हणाले, "उस्ताद, जब आपको बुखार था, तब का."

त्यांच्याकडं ती रेकॉर्ड नव्हती. गाणंही आठवेना. पहिली ओळ गुणगुणले आणि अडले. मला राहवलं नाही. मी डोक्यावरचा पदर नीट केला, जमिनीकडं बघितलं आणि पुढची ओळ म्हणाले. मग त्याच्या पुढची. मागून टाळ्या सुरू झाल्या. मान वर करून बघितलं तर पार्टीतले लोक ताल देत होते आणि पेरू विकणारे पाट्या सोडून भोवती जमले होते. मी पूर्ण गाणं म्हणून टाकलं. उस्तादांनी मला पुन्हा म्हणायला लावलं, आणि सोबत स्वतः म्हणाले.

शेवटी त्यांनी रेकॉर्ड छातीशी धरली. "बेटी, ये मुझे दे दो."

"नाही," मी म्हणाले.

मामंजींचा चेहरा पडला. माझ्या त्या एका शब्दाचं त्यांनी उर्दूत भाषांतर केलं. ते बराच वेळ चाललं होतं, आणि त्यात जनाब, इज्जत आणि माफी हे शब्द मला ओळखू आले. उस्ताद खळखळून हसले आणि रेकॉर्ड परत देऊन म्हणाले, आज हेच गाणार, तुम्ही समोर बसा.

संध्याकाळी खुलताबादला आम्ही बायकांच्या बाजूला पुढं बसलो. दिवे लागले, उस्तादांनी ते गाणं धरलं, आणि तिसऱ्या कडव्याला पुन्हा अडले. पेटी तीच ओळ घोळवत राहिली. त्यांची नजर बायकांमध्ये मला शोधू लागली. मी उठून उभी राहिले आणि जोरात ओरडले, "शहर! शहर!"

उस्तादांना ओळ सापडली, पण मागं बसलेली औरंगाबादची माणसं धडपडून उठली. त्यांना वाटलं, शहराची गाडी सुटली. चपला शोधताना एकच गोंधळ झाला. आत्याबाई शेजारणीला सांगत होत्या, "माझी सून हाय. तिच्याशिवाय त्याला गाताच येत नाय."

परतीच्या एसटीत मामंजी पुढच्या बाकावर बसले होते. आत्याबाई माझ्या कानाशी लागल्या. "तुला म्हणून सांगते. माझ्या माहेरी घराशेजारी शिंदीचं दुकान होतं. साकी म्हणजे काय, ते मला समजत नाय व्हय? पण त्यांना गोठ्यात पळताना बघायला लई मजा येती."

घरी पोचलो तर हे कुलूपबंद दारासमोर सायकल धरून बसले होते. आम्ही कुणीच त्यांच्यासाठी निरोप ठेवला नव्हता.

पुढल्या वर्षी दुकानदारानं माझ्यासमोर नवी रेकॉर्ड ठेवली. आमच्या पार्टीनं तेच गाणं पुन्हा भरलं होतं. मी जवळजवळ पळतच घरी आले. सगळे बसून ऐकू लागलो. तिसरं कडवं आलं आणि मामंजींनी कपाळाला हात लावला.

"काय झालं?"

"सूनबाई, मूळ शब्द 'सहर' आहे. म्हणजे पहाट. 'सहर आने तक' जागतो, असं आहे ते. तू म्हणालीस 'शहर'. त्यानं तुझं ऐकून तेच भरलं."

आम्ही जुनी रेकॉर्ड लावली. चढउतारातूनही स्पष्ट ऐकू आलं, सहर. नवी लावली, शहर. कुणीतरी प्रेमात रात्रभर जागत होतं, ते माझ्यामुळं गाडीत बसून शहर येण्याची वाट बघत होतं.

"मामंजी, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"भर चौघांत सुनेची चूक काढू व्हय?"

"चूक कसली?" आत्याबाई म्हणाल्या. "पहाट रोजच येती. शहर यायला गाडी लागती."

ती रेकॉर्ड आमच्या भागात चांगली चालली. लग्नाच्या मांडवात कर्ण्यावर हमखास लागायची आणि लोक मजेत माना डोलवायचे. तिसरं कडवं जवळ आलं की मामंजी पंगतीतून उठून हात धुवायला जायचे.