बत्ताशाच्या पुडीत गेलेला शेवट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. सांगायला लागलो की मला मध्ये थांबता येत नाही, आणि तुम्ही मध्येच हसलात की मला माझाच राग येतो. घ्या, चहा घ्या आणि ऐका.

मी मूळचा बिलोलीचा किराणा दुकानदार. सध्या मुक्काम लातूर. क्लासेसच्या भागात एक तीन मजली इमारत आहे, तिथं एक खोली, एक गॅस आणि एक कॉट. कॉट पोरीची, चटई माझी. पोरगी गौरी, बारावी आणि डॉक्टरकीची नीट परीक्षा. आता तुम्ही विचारणार, पोरीबरोबर आई का नाही आली? आई झेडपीच्या शाळेत मास्तरीण, तिला एवढी रजा कोण देणार? दुकान काय, भाऊ बघतो. मग निघालो मीच, पोळपाट-लाटणं घेऊन!

इमारतीत प्रत्येक खोलीत एकेक पोर आणि त्या पोराची आई. बाप येतात ते रविवारी. पिठाचा डबा ठेवतात, पोराला दोन उपदेश करतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. कायमचा पुरुष मी एकटा! मी नळावर गेलो की बायका गप्प. जिन्यात समोर आलो की त्या भिंतीला चिकटणार, मी कठड्याला. आणि इथं कुणाला स्वतःचं नावच नसतं बघा. सगळ्या 'सार्थकची मम्मी', 'श्रेयाची मम्मी'. मी 'गौरीचे पप्पा'.

दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी बडबडणारा माणूस मी. इथं गौरी क्लासला गेली की संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द नाही. एकदा कुकरला म्हणालो, "बस कर बाबा, झाल्या तुझ्या शिट्ट्या." त्या दिवशी मात्र मला माझीच काळजी वाटली.

गौरी घरी असली तरी काय? ती पुस्तकात आणि मी तिच्याकडं बघत. शेवटी तीच वैतागली.

"पप्पा, तुम्ही असं बघत बसलात ना, मला लई टेन्शन येतंय. तुम्ही बी काहीतरी वाचा की."

"म्या काय वाचू? तुझं बायोलॉजी?"

तिनं माझ्या हातातला फोन घेतला, बोटं चालवली आणि मला एका वाचनाच्या ग्रुपमध्ये टाकून दिलं. तिच्या मैत्रिणीची आत्या होती म्हणे त्यात.

वाचायची मला लहानपणी भारी गोडी होती. दुकानात किलोवर रद्दी यायची, तिच्यात गोष्टींची पुस्तकं असायची. वडील पानं फाडून पुड्या बांधायचे आणि मी फाडायच्या आधी जमेल तेवढं वाचून घ्यायचो. जिरं मागायला कुणी आलं की गेली राजकन्या जिऱ्याबरोबर! गोष्टी ढीगभर वाचल्या, पण शेवट एकीचाही माहीत नाही. पुढं दुकान गळ्यात पडलं, मीही पुड्या बांधायला लागलो आणि वाचन सुटलं ते सुटलंच.

तर हा ग्रुप. नांदेडच्या एक निवृत्त बाई तो चालवायच्या. रोज दुपारी त्या व्हिडिओवर एखादी कथा वाचून दाखवायच्या. शिवाय बाजारात न मिळणारी जुनी पुस्तकं एसटीच्या पार्सलनं एकाकडून दुसऱ्याकडं फिरायची, आणि रविवारी सगळ्यांनी व्हिडिओवर बसून त्या पुस्तकांबद्दल बोलायचं. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "शिवराजआप्पा, जेवण झालं का? काय केलं होतं आज?"

वरणफळं, म्हणालो. आणि खोटं कशाला बोलू, फोन ठेवला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. मला कुणी नावानं हाक मारून किती दिवस झाले होते!

मग एक दिवस बाईंच्या घरच्या कपाटातली एक कादंबरी माझ्याकडं आली. नाव सांगत नाही, माझ्यामुळं तिची आधीच पुरेशी शोभा झालीय. माझ्या आधी ती अहमदपूरच्या विकासकडं होती. पतसंस्थेत नोकरी करणारा गुणी पोरगा. प्रत फार जुनी, शिवण सैल झालेली. त्यानं पार्सलवर ठळक लिहिलं होतं, 'जपून.'

गोष्ट काय? एक म्हातारी. घरच्यांशी भांडून गेलेली, आयुष्यभर एकटी राहिलेली. आता परत गावाला निघालीय. एवढंच! पण मी त्यात असा बुडालो की विचारू नका. भाजी करपली, दूध उतू गेलं. गौरी म्हणाली, "पप्पा, आज चपाती एकाच बाजूनं भाजलीय." मी म्हणालो, "दुसऱ्या बाजूनं उद्या भाजतो." इतका मी त्या म्हातारीच्या मागं होतो.

त्याच आठवड्यात, रविवारी, बायको गावच्या जत्रेचा प्रसाद घेऊन आली. बत्तासे आणि फुटाणे.

"सगळ्या खोल्यांत वाटा," म्हणाली. "माणसं जोडा जरा. किती दिवस भिंतीकडं बघत बसणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन डब्याला टेकवला. बाई कथा वाचत होत्या आणि मी ऐकत ऐकत पुड्या बांधायला बसलो. मांडीशी गौरीच्या जुन्या टेस्ट पेपरांचा गठ्ठा. आता माझ्या हातांचं एक आहे बघा, ते डोळ्यांना विचारत नाहीत. कागद उचलला, वळवला, माल घातला, दोरा गुंडाळला, झाली पुडी! बाईंची कथा संपेपर्यंत अख्ख्या इमारतीचा प्रसाद तयार.

दार वाजवायचा धीर कुठून आणू? प्रत्येक दाराच्या कडीला पुडी अडकवली आणि चोरासारखा पळून आलो; कुणाकडची ते टेस्ट पेपरावरच्या गौरीच्या नावावरून कळेलच. अशी माणसं जोडली मी!

दोन दिवसांनी कादंबरी संपली. म्हातारी फाट्यावर बाकावर बसलीय, अंधार पडत चाललाय आणि ती बसची वाट बघतेय. पुढं थेट पुठ्ठा.

मी पुस्तक उराशी धरून बसून राहिलो. खाली नळावर बायकांचं हसणं-खिदळणं चाललेलं. म्हातारी तिकडं बाकावर आणि मी इकडं चटईवर. वाटलं, लिहिणाऱ्यानं मला बघूनच लिहिलंय हे. फार रडलो त्या दिवशी. गौरी यायच्या आत तोंड धुतलं.

रविवार आला. गौरी टेस्टला गेलेली. मी धुतलेला सदरा घातला आणि ग्रुपवर पहिल्यांदाच पुस्तकाबद्दल बोलायला बसलो. आणि बोललो! असा बोललो की बाजार समितीत सभापतीनं बोलू नये!

"शेवट केलाच नाही लिहिणाऱ्यानं! इथंच त्याची हिंमत! आपल्यापैकी कुणाची बस येते सांगा? माणसानं बाकावर बसायचं, बस्स!"

फोनवर एकानं तर चष्मा काढून पुसला. मला वाटलं, सगळे भारावले. एकानं तर चष्मा काढून पुसला.

बाई हळूच म्हणाल्या, "आप्पा, बस येते की."

"कुठं येते?"

"पुढच्याच पानावर."

"बाई, पुढं पानच न्हाई!"

"आहे हो. चांगली पंधरा-सोळा पानं आहेत अजून."

मी पुस्तक कॅमेऱ्यापुढं धरलं. "बघा! हा पुठ्ठा!"

बाईंचा चेहरा उतरला. "माझ्या लग्नात मिळालेलं पुस्तक आहे ते," एवढंच म्हणाल्या.

इथं तरी गप्प बसावं का नाही माणसानं? पण उचलली जीभ, लावली टाळ्याला! "बाई, आमच्या दुकानात माल जसा येतो तसाच जातो. पानं आधीच गेलेली असणार. माझ्या आधी कुणाकडं होतं पुस्तक?"

आता ते काय कुणाला ठाऊक नव्हतं? विकासचं तोंड लालबुंद झालं.

"आप्पा, 'जपून' लिहून पाठवलं म्या, आन् तुम्ही मलाच म्हणायलाव? चोर तो चोर, वर शिरजोर!"

आणि फोनवरचा त्याचा चौकोन गायब! ग्रुप सोडून गेला पोरगा.

"आप्पा, हे बरं नाही झालं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. आता मलाही काढणार. मग 'शिवराजआप्पा' म्हणणारं लातुरात कोण उरणार?

तेवढ्यात दार वाजलं.

माझं दार! इतक्या महिन्यांत ते कुणी वाजवलं नव्हतं. उघडलं तर समोरच्या खोलीतल्या सार्थकच्या मम्मी, उदगीरच्या. हातात एक चुरगळलेला कागद.

"भाऊ, जरा इचारायचं व्हतं. ह्याच्या फुडचा कागद कुणाकडं गेला?"

"कशाचा कागद?"

"आवं, बत्ताशाच्या पुडीचा! बस आली, म्हातारी उठली, आन् कागद सरला. तवापासून मला काय सुचंना. श्रेयाच्या मम्मीचा कागद आणून बघितला, तर त्यात म्हातारी कुणाच्यातरी गळ्यात पडून रडायलीय. मदलं कुठं हाय?"

मी कागद बघितला. मग पुस्तक बघितलं. मग टेस्ट पेपरांचा उरलेला गठ्ठा बघितला. पुस्तक मी त्याच गठ्ठ्यावर ठेवायचो; सैल शिवणीतून शेवटची पानं सुटून तिथंच राहिली होती, आणि माझ्या हातांनी डोळ्यांना विचारलं नव्हतं! धरणी दुभंगावी म्हणतात ना, मी खरंच खाली फरशीकडं बघितलं.

आणि फोन? तो चालूच होता. एकूणएक चौकोनात उघडी तोंडं.

"आप्पा," बाई म्हणाल्या, "तुम्ही माझ्या कादंबरीचा शेवट वाटून टाकलात?"

"प्रसाद म्हणून!" कुणीतरी ओरडलं, आणि मग जो हसण्याचा गदारोळ झाला! बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पानं गोळा करा आधी."

मग काय, ज्या दारांवरून चोरासारखा पळालो होतो ती सगळी दारं वाजवत फिरलो. "वहिनी, तेवढा पुडीचा कागद ठेवलाय का?" एकीनं मसाल्याच्या डब्यात अंथरला होता. एकीच्या कागदावर तेल सांडलेलं. एकीचं अर्धं पान उंदरानं खाल्लेलं. पण ठेवले होते, सगळ्यांनी ठेवले होते! नळावर खिदळणं चालायचं ते या कागदांवरूनच. त्यांना वाटलं, भाऊंनी एवढी युक्ती मुद्दाम केलीय, एकमेकींकडं जाणं-येणं व्हावं म्हणून!

"भाऊ लई हुशार हायती," श्रेयाची मम्मी म्हणाली. मी मान खाली घातली.

व्हरांड्यात सतरंजी टाकून आम्ही पानं लावली. सार्थकच्या मम्मींनी मोठ्यानं वाचलं. उंदरानं खाल्लेलं बाईंनी फोनवरून पाठ म्हणून दाखवलं. बस येते. म्हातारी उठते, पण चढत नाही, कारण बसमधून तिची धाकटी बहीण उतरते. तिलाच शोधायला निघालेली. व्हरांड्यात एकीचाही डोळा कोरडा राहिला नाही. माझाही नाही, आणि या वेळी मी तोंड धुवायला पळालो नाही.

विकासनं माझा फोन कितीतरी वेळा कापला. शेवटी उचलला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "आप्पा, माझ्या वाटणीचे बत्तासे तरी ठेवले का?" पोरगा खरंच गुणी.

पानं चिकटवून पुस्तक मी बाईंना पाठवलं. बाईंचा निरोप मात्र येईना. आला तो असा: 'यापुढे शिवराजआप्पांच्या नावे एकही पुस्तक पाठवले जाणार नाही.'

झालं! दिवसभर मी दार लावून बसलो. गौरीनं विचारलं, "पप्पा, तुम्ही ठीक हाव ना?" मी म्हणालो, "हाव, तू अभ्यास कर."

चार दिवसांनी खाली रिक्षावाला पार्सल घेऊन आला. ओरडला, "सुनंदा कोण हाय इथं?" मी वरून म्हणालो, "इथं या नावाचं कुणी न्हाई बाबा."

"आवं, म्याच की ती!" सार्थकच्या मम्मी धावत जिना उतरल्या.

पार्सलमधून नवं कोरं नव्हे, तसलंच जुनं पुस्तक निघालं. शिवण मात्र जाड दोऱ्यानं नव्यानं घातलेली. वर बाईंच्या अक्षरात चिठ्ठी: 'रोज दुपारी आप्पांना वाचून दाखवावे. हातात देऊ नये.'

त्याच दुपारी व्हरांड्यात सतरंजी पडली. बायका गोलाकार बसल्या. पहिलं पान संपलं, म्हणून मी आपला मदतीला हात पुढं केला.

"हात मागं!" सुनंदावहिनी म्हणाल्या. "पान म्या उलटते."

बिलोलीत शेठ म्हणतात हो मला! गुपचूप हाताची घडी घातली, आणि पोरं क्लासवरून येईपर्यंत पहिलीतल्या पोरासारखा बसून राहिलो.