नानांच्या नावाची बाटली

डोळे मिटून नुसत्या वासावर नाना मुकादम कपाशीवरचं औषध ओळखायचे. डबा नाकाशी न्यायचे, छाती भरून श्वास घ्यायचे, नाव सांगायचे आणि वर आमच्याकडे बघून हसायचे. "अहो नाना, अत्तर आहे का ते?" असं मी कितीदा ओरडलो असेन!

नशिराबादकडच्या फवारणीच्या टोळीचे ते मुकादम. नव्वद सालच्या आसपास दर पंधरवड्याला मी जळगावच्या प्रयोगशाळेतून येऊन त्या टोळीचं रक्त तपासायला घेऊन जायचो. औषध अंगात भिनलं की रक्तातला एक आकडा उतरतो. फार उतरला तर त्या माणसाला पंप पाठीवर घेऊ द्यायचा नाही, असा नियम होता. मी दिसलो की नाना हाळी द्यायचे, "भाऊ ई ऱ्हायनात, हात धुवा रे बठ्ठा जन!" मग सगळे कोपरापर्यंत साबण लावायचे. भाकरी खाताना मात्र औषध ढवळलेला हात धोतराला पुसला की झालं. साबण जणू माझ्या सुईपुरताच.

एका भाद्रपदात नानांचाच आकडा घसरला. पंधरा दिवस घरी बसा म्हटल्यावर एवढा मोठा माणूस चक्क रुसला. "माले काय व्हयेल शे? मी घर बठनू ते टोळी कोन सांभाळी?"

पुढच्या खेपेला 'नाना' म्हणून माझ्यासमोर बसले ते त्यांचे धाकटे भाऊ बापू, गावातले शिंपीकाम करणारे. तोंडवळा तोच, पण कोपरातली शीर मला फसवणार होती काय? मी मान वर केली. दारात नाना हात जोडून उभे होते. त्या माणसाने कुणापुढे हात जोडलेले मी कधी पाहिले नव्हते. मला मूर्खाला दया आली. बाटलीवर नानांचं नाव मीच लिहिलं.

आकडा उत्तम आला. नाना पंप बांधून पुन्हा शेतात उतरले आणि चौथ्या दिवशी त्यांना बैलगाडीतून दवाखान्यात आणलं. अंग घामाने निथळत होतं, तोंडातून लाळ गळत होती. निरोप मिळताच मी रजिस्टर घेऊन धावलो. डॉक्टर नवखे होते, पण काळजीने एकेक पान बघत होते. "रक्त तर चांगलं आहे यांचं. औषधाची बाधा नसावी, ऊन लागलं असेल," म्हणाले आणि त्यांनी सलाईन लावलं. बापू माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे.

"डॉक्टरसाहेब, ते रक्त नानांचं नाही," हे अखेर मी बोललो. उताऱ्याचं इंजेक्शन लगेच दिलं, पण नाना गेले. नानांवर माझा जीव होता, यात खोटं काही नाही. पण तेवढं एक वाक्य बोलायला मी पाऊण तास लावला, आणि तो सगळा वेळ मी माझ्या नोकरीचा विचार करत होतो.