सावडीतले हात

समाजसेवेला गेलेला माणूस संध्याकाळी घरी दोनच गोष्टी आणतो. चिखल आणि किस्से. चिखल बायको दारातच धुवायला लावते. किस्से मात्र साठत जातात आणि कुणी चहाला आलं की बाहेर पडतात. आता तुम्ही आलाच आहात तर बसा!

आमचा चौघांचा ग्रुप. भोरमध्ये एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. शनिवारी संध्याकाळी तिथं जमायचं आणि रविवारी सकाळी वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीवर जायचं. कुठं कपडे वाटायचे, कुठं झऱ्यातला गाळ काढायचा, कुठं शाळेची भिंत रंगवायची. पेंडसे साहेब वीज खात्यातून रिटायर झालेले आणि आमचे अध्यक्ष, म्हणजे त्यांना कुणी केलेलं नाही, ते आपोआप झाले. कुंदाताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आता पेशंट नाहीत म्हणून आमच्यावर ओरडतात. शिवा टेम्पोवाला. चौथा मी.

एकदा पुण्याहून एक मुलगी आली, कसलातरी अभ्यास करत होती. तिनं एकेकाला विचारलं, "तुम्ही हे का करता?"

पेंडसे साहेब म्हणाले, "समाजाचं ऋण!" खरं कारण असं, की रिटायर झाल्यावर चौथ्या दिवशी पेंडसेकाकूंनी त्यांना सांगितलं होतं, "निदान रविवारी तरी मला तुम्ही घरात नको आहात. कुठंही जा." कुंदाताई म्हणाल्या, "सेवेची आवड." आवड आहेच, पण सेवेपेक्षा हुकूम सोडायची जास्त! शिवा म्हणाला, "रविवारी भाडं नसतंय." तो एकटा खरं बोलला.

मग माझ्याकडं वळली. मी काय सांगणार? मी फक्त बॅनर द्यायला गेलो होतो हो! पेंडसे साहेब म्हणाले, टेम्पोत चढून जरा बांधून दे. मी चढलो आणि शिवानं गाडी सोडली. त्याला आता बरीच वर्षं झाली.

* * *

कपडे गोळा करायचं काम माझ्या दुकानात चालतं. देणाऱ्याच्या मनाविषयी बोलू नये, पण कपाट आवरणं आणि दान करणं यात आमच्या भोरकरांनी फारसा फरक ठेवलेला नाही. एका बाहीचा स्वेटर आला. डाव्या पायाचे बूट आले. एकदा तर चक्क शेरवानी आली! मोतिया रंगाची, सोनेरी बटणं. ती पेंडसे साहेबांच्याच जावयाची निघाली. लग्नात एकदा घातली आणि नंतर जावई तिच्यात मावेनासे झाले.

किकवीच्या शाळेसाठी आलेले गणवेश आधी पोचवले आणि उरलेलं गाठोडं घेऊन आम्ही वर डोंगरात गेलो. शेरवानी कुणी घेईना. शेवटी एका म्हाताऱ्यानं उचलली.

पुढच्या खेपेला बघतो तर हे आजोबा शेरवानी घालून म्हशी चारतायत! वर बटणं लावलेली, खाली गुडघ्यापर्यंत धोतर. पेंडसे साहेबांना काही ते बघवेना. "अहो आजोबा, हे लग्नात घालायचं असतं!"

आजोबा शांतपणे म्हणाले, "असंल. पर लई उबदार हाय. आन म्हशी बी जरा दबून ऱ्हात्यात."

* * *

एका वाडीवर आम्ही झऱ्याचा गाळ काढत होतो. ऊन मरणाचं. पेंडसे साहेब घमेलं घेऊन, मी फावडं घेऊन, कुंदाताई काठावरून, "वाका जरा, वाका!" गावातले एक काका बराच वेळ बांधावर बसून आम्हाला बघत होते. मग उठले, शिवाला बाजूला घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "माणसं चांगल्या घरची दिसत्यात. काय केलं हुतं रं यांनी?"

शिवाला आधी कळेना.

"न्हाई, कोर्टानं लावलंय ना यांना? मोबाईलवर बघितलं म्या. सायबलोकांना जेल न्हाई देत आता, असली कामं देत्यात."

शिवानं कपाळाला हात लावला, पण कुंदाताईंनी ऐकलं होतं. त्या काठावरून ओरडल्या, "व्हय काका! जन्मठेप आहे!"

काकांना इतकं वाईट वाटलं, की त्यांनी घरी जाऊन आमच्यासाठी ताक आणलं. पेंडसे साहेबांच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "हुतंय माणसाच्या हातनं." साहेब ताक पीत होते म्हणून बरं, नाहीतर काय बोलले असते कुणास ठाऊक.

* * *

गुंजवण्याच्या बाजूला आमची एक अडचण होते. तिकडं कुणी पिशवी रिकामी परत देत नाही. आम्ही कपड्यांची पिशवी द्यायची, बाई आत जाणार, कपडे काढून घेणार आणि बाहेर येणार ती पिशवीत तांदूळ घालून. कुणी इंद्रायणी, कुणी नाचणी, काहीच नसेल तर दोन काकड्या.

कुंदाताई पहिल्यांदा "नको, नको" म्हणाल्या. समोरची बाई चिडलीच. "रिकामी पिशवी न्ह्याची? आन घरी काय सांगाल, तिथं माणसं न्हाईत म्हणून?"

झालं! परत येताना टेम्पो जाताना होता त्यापेक्षा भरलेला. घाटात शिवा पहिल्या गिअरवर आणि तोंडानं नुसता शिव्या घालतोय. पेंडसेकाकूंनी दारातच ते गाठोडं बघितलं आणि म्हणाल्या, "दान करून आलात की बाजार करून?"

* * *

हौसाआजींची गोष्ट जरा लांब आहे, घाई करू नका.

पासली गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथं आजी एकट्या राहतात. नवरा गेला, लेक पुण्यात एका खोलीत संसार करते. शेजारी पुतण्या, बाळू. आजींचं भाताचं एक खाचर आहे, तेवढंच.

तिकडं लावणीला मजूर मिळत नाहीत, सावड चालते. आज सगळ्यांनी मिळून तुझं खाचर लावायचं, उद्या माझं. तुझ्या घरचे जेवढे हात माझ्याकडं आले, तेवढे मी तुझ्याकडं पाठवायचे. यात कुणाचे उपकार नाहीत. नवरा होता तोवर आजीही सावडीत होत्या. मग एकट्या पडल्या, कमरेनं दगा दिला आणि वाडीनं त्यांना हळूच वगळलं. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं बोलवायचं बंद केलं. खाचर एक पावसाळा पड राहिलं. तेव्हा बाळू म्हणाला, "काकू, यंदा बी पडच ठिवनार का? त्यापरीस मला द्या कसायला, आन तुमी जावा लेकीकडं."

आजींनी हे आम्हाला सांगितलं आणि म्हणाल्या, "एकदा खाचर सोडलं की मला हितं ऱ्हायाला निमित्त काय?"

हे ऐकून कुंदाताई गप्प बसणार होत्या का! पुढच्या रविवारी आम्ही चौघंही चिखलात. शिवानं कुणाचा तरी पॉवर टिलर मागून आणला. रोपं आजींनी आधीच टाकून ठेवली होती, लावायला कुणी येवो न येवो. पेंडसे साहेब दोनदा बसले, म्हणजे बसायचं नव्हतं तिथं बसले. पण संध्याकाळपर्यंत खाचर हिरवं झालं.

निघताना आजींनी विचारलं, "तुमची लावणी कवा?"

आम्ही हसलो. साहेब म्हणाले, "आजी, आमची कसली लावणी! आम्ही फ्लॅटवाले."

"मंग दुसरं काय काम असंल की."

"काही नाही हो. तुम्ही आराम करा."

* * *

चार-सहा दिवसांनी आजी माझ्या दुकानात हजर. एसट्या बदलत एकट्या आलेल्या. पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "हं, काय काम हाय?"

मी म्हटलं, बसा, चहा घ्या. त्यांनी चहाला हात लावला नाही. मी म्हटलं, काम वगैरे काही नको हो, आम्ही आपले प्रेमानं आलो होतो. तशा त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"म्हंजी तुमी बी मला सावडीत धरलं न्हाई," त्या म्हणाल्या. "वाडीत बाळू म्हणत फिरतोय, म्हातारीचं खाचर भोरच्या लोकांनी धर्मादाय लावलं. म्या सांगितलं, धर्मादाय न्हाई, सावडीनं लावलंय, म्या फेडून येनार. आता काय तोंड घिऊन जाऊ? जिला धर्म करत्यात तिला सावडीत कोन घेतंय?"

आपण केलं होतं ते चांगलंच, पण त्यानं बाईची पतच जायची वेळ आलेली! मी कुंदाताईंना फोन लावला. "ताई, काम काढा. काहीही काढा, पण काढा!"

* * *

माझ्याकडं शाळेच्या चाचणीचे पेपर पडले होते, ते स्टेपल करायला दिले. आजींना वाचता येत नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. आठवडाभरानं सर आले. म्हणाले, पोरांनी गणिताच्या पेपरात इतिहास सोडवलाय, आणि काहींना त्यात जास्त मार्क पडलेत!

आजींचा मुक्काम कुंदाताईंकडं झाला. त्यांनी गोधडी शिवायला काढली. दोघींचं टाके घालण्यावरून एवढं वाजलं, की ताईंना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं, "तुमी गप बसा." आणि ताई बसल्या.

पेंडसे साहेबांनी गच्चीवरच्या कुंड्या दाखवल्या. "जरा तण काढा आजी, बास." साहेबांनी पुण्याच्या नर्सरीतून काय काय शोभेची गवतं आणली होती, बांबूसारखी, पट्ट्यापट्ट्यांची. आजींनी ती सगळी मुळासकट उपटून ढीग लावला. वर म्हणाल्या, "किती गवत माजू दिलंय ह्ये!" आणि मोकळ्या कुंड्यांत अळू लावलं. साहेबांनी भिंतीकडं तोंड केलं. पेंडसेकाकू मात्र अजून त्या अळूचं फतफतं करतात.

राहिला शिवा. त्यानं आजींना टेम्पोतून घरी सोडताना क्लीनर केलं. वाडीवर गाडी मागं घ्यायची होती. आजी खाली उतरल्या, पत्र्यावर थाप मारत, "यीऊ दे... यीऊ दे... आजून यीऊ दे..." आणि मग धाडकन आवाज झाला, आणि त्यानंतर, "बास!"

मागचा दिवा गेला. शिवा उतरला, काचा बघितल्या आणि बाळू ऐकत होता म्हणून मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "फिटलं आजी! आपलं सगळं फिटलं!"

* * *

पुढच्या पावसाळ्यात आजींकडून निरोपच नाही. त्यांच्याकडं मोबाईल नाही. कुंदाताई रोज विचारायच्या, "काही कळलं का?" न बोलावता जावं तर परत धर्मादाय व्हायचं. न जावं तर खाचर पड राहायचं आणि बाळू ते घ्यायचा. काय करावं ते सुचेना.

एका बुधवारी दुकानात ॲडमिशनवाल्या पोरांची ही गर्दी, आणि फोन वाजला.

"बाळू बोलतोय, पासलीच्या वरनं. उद्या माझी लावणी हाय."

"बरं," मी म्हटलं. "मग?"

"मंग काय? काकूचं खाचर परवाच झालं लावून. आख्खी सावड हुती. म्या बी हुतो. आता काकूचं हात यायचं ऱ्हायल्यात."

"कुठले हात?"

"तुमी. चौघं."

मी म्हटलं, अहो उद्या गुरुवार आहे, दुकान आहे माझं!

"आमी काय रविवार बघून गेलतो व्हय काकूकडं?" आणि फोन ठेवला.

गुरुवारी मी दुकान बंद ठेवलं. शिवानं लागलेलं भाडं सोडलं. पेंडसे साहेबांची दाताची अपॉइंटमेंट होती, ती पुढं ढकलली. गेलो. तिथं कुणी या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. एक बाई मान वर न करता म्हणाली, "हौसाकाकूचं आलं का? त्या कडंला लागा." आम्ही लागलो. आजी बांधावर प्लास्टिकचा कागद पांघरून बसलेल्या, रोपांच्या मुठी बांधून आत फेकत होत्या. बाळू त्यांच्याकडं बघत नव्हता, पण प्रत्येक मूठ त्यांच्याच हातची मागत होता.

दुपारच्या सुमाराला पेंडसे साहेबांनी कंबर सरळ केली. समोर एवढी माणसं बघून त्यांना राहवेना. हात पुसत म्हणाले, "मंडळी, आम्ही काही फार मोठं करत नाही. आपली जमेल तेवढी मदत..."

"ओ सायेब!" आजी बांधावरून ओरडल्या. "मदत कुठली आन काय! खाली बघा, तुमची रोपं तरंगाया लागल्यात. माझं नाव जाईल!"

पेंडसे साहेब मुकाट्यानं खाली वाकले.