संत्र्याच्या रोपावरची पाहुणी

बाबांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला तेव्हा कडाक्याची थंडी होती. कंपू भागातल्या दवाखान्यातून रिक्षा करून आम्ही दौलतगंजात, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी आलो. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते आणि बाबा रिटायर झाल्यापासून दिवसभर वाचत असत. आता डॉक्टरांनी काही दिवस वाचन बंद केलं होतं. काळा चष्मा लावून ते खिडकीशी बसत आणि मी सोलून ठेवलेलं संत्रं एकेक फोड करून खात.

एका संध्याकाळी घरी आले तर खिडकीत कान तुटलेला कप, त्यात ओली माती.

"हे काय, बाबा?"

"बिया लावल्यात. बशीत उरल्या होत्या."

"आणि माती?"

"गच्चीवरच्या तुळशीतली."

डोळ्यांवर काळा चष्मा असताना माणूस चाचपडत जिना चढून गेला होता! मी बरंच बोलले. त्यांनी कप जरा सकाळचं ऊन येतं त्या बाजूला सरकवला.

महिन्याभराने त्यातली एकच बी उगवली. तोवर काळा चष्मा सुटला होता. बाबा ते दोन पानांचं रोप कधी या डोळ्याने, कधी त्या डोळ्याने बघत बसायचे. "उजव्याने हिरवं दिसतं," ते म्हणाले, "आणि डाव्याने चहात बुडवून काढल्यासारखं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझी ही साडी निळी आहे का गं? मी इतकी वर्षं करडीच समजत होतो."

मी हसले. पण त्या दिवशी ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारताना मला सारखं वाटत राहिलं, की आपण एका घरात राहतो खरे, पण दोघांची घरं वेगवेगळ्या रंगांची आहेत.

पुढच्या वर्षी रोप कुंडीत गेलं, हातभर झालं. पान चुरडलं की बोटांना संत्र्याच्या सालीचा वास येई. भाद्रपदात एका सकाळी पानावर चिमणीची विष्ठा दिसली. मी ओलं फडकं घेऊन पुसायला गेले तर ती हलली.

"थांब!" बाबा म्हणाले. "अळी आहे ती."

चार दिवसांत तिने कात टाकली आणि पानासारखी हिरवीगार झाली. डिवचलं की डोक्यातून लालसर शिंग बाहेर काढी. रोज दोन-तीन पानं फस्त. समोरच्या फ्लॅटमधल्या भाभी साखर मागायला आल्या आणि कुंडी बघून दारातच थबकल्या. "अरे अंकलजी, कीड़ा लग गया! दवा छिड़क दीजिए, नहीं तो पौधा गया."

"पौधा हमारा है, पत्ते उसके," बाबा म्हणाले.

मला ते फारसं पटलं नव्हतं. दीड वर्षाचं रोप काट्यांसकट उघडं पडत चाललं होतं. दुपारी बाबा एकटे असत तेव्हा घरात इतकं शांत असे, की तिचं पान कुरतडणं ऐकू येतं, असं ते सांगत. मी रविवारी कान लावून बसले. मला खालच्या बाजाराचाच आवाज आला, पण मी बाबांना "येतंय की" म्हणाले.

मग एक दिवस ती खोडाला चिकटून कोषात गेली. दहा-बारा दिवस काहीच घडलं नाही. खिडकीतून ऊन आत यायचं, कुंडीवरून सरकत बाबांच्या पायापर्यंत पोचायचं आणि बाबा तिथेच असायचे.

बाबा मला कामावर कधी फोन करत नाहीत. त्या दिवशी केला.

"निघालं."

"काय निघालं?"

"तू घरी ये."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून, रिक्षा पकडून मी धापा टाकत वर आले. बाबा खुर्चीत अगदी ताठ बसले होते, एक हात पुढे धरून. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर फुलपाखरू बसलं होतं. काळं, त्यावर पिवळट ठिपके, खाली एक लाल टिकली. पंख अजून दमट होते, हळूहळू उघडत होते, मिटत होते.

"हात दुखला असेल," मी कुजबुजले.

"दुखतोय."

मी जमिनीवर त्यांच्या गुडघ्याशी बसले. किती वेळ कोण जाणे. कुकर लावायचा राहिला, फोन वाजून थांबला. ते उडालं तेव्हा आवाज झाला नाही. खोलीभर एक गिरकी घेतली, पंख्याला चुकवलं आणि समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून दिसेनासं झालं. बाबांनी हात तसाच थोडा वेळ धरून ठेवला.

रोपाला महिन्याभरात नवी पालवी फुटली. आता ते माझ्या कमरेइतकं आहे. फळाचं नाव नाही, येता-जाता काटे मात्र पदर ओढतात. यंदा दोन अळ्या आहेत. दोघींना पाला पुरेल असं बाबा म्हणतात. मला शंका आहे.