बोडीखालच्या बांधीतला जिवाणू

मॅडमनी तो कागद टेबलावर पसरला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी उंचावरून आमच्या जंगलातले नाले काढलेत. एक रेघ निघायची, लांब जायची आणि वळून स्वतःच्याच अंगाला चिकटून परत यायची. मध्येच गोल फुगा, पुन्हा जोडरेघ. सगळीकडे बारीक अक्षरं.

या मॅडम गडचिरोलीच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. परसबागेसाठी माझ्याच जिवाणू-खताच्या बाटल्या नेतात. मी त्यांच्याकडे बाजारातलं भांडण घेऊन गेलो होतो. धानाच्या मुळांशी राहणारा एक जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतो. गावच्या बोडीखाली, तळ्याचं पाणी उतरतं तिथे, माझी धानाची एक बांधी आहे. दुसऱ्यांच्या चिखलात रोवणी करत करत घेतलेली पहिली जमीन. तिथल्या मुळांतला जिवाणू मी गुळाच्या पाण्यात वाढवला, बाटल्या भरल्या आणि चामोर्शीच्या बाजारात बसलो. तिथला खताचा दुकानदार अशाच जिवाणूच्या भुकटीची पाकिटं विकतो. तो भर बाजारात म्हणाला, "काऊन भाऊ, माह्याच पाकिटातला माल गुळात घोळून इकून राह्यला काय?" लोक हसले. माझं गिऱ्हाईक त्या दिवशी उठून गेलं आणि ते हसू अजून माझ्या कानात आहे.

म्हणून माझी बाटली आणि त्याचं पाकीट, दोन्ही मी मॅडमकडे तपासायला दिली होती.

"प्रथिनं जोडणारे बारीक कारखाने प्रत्येक जिवात असतात, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्यांच्या लहान भागात आरएनएची ही दोरी असते. तुमच्यात, वाघात, मोहाच्या झाडात, जिवाणूतही. ती फार सावकाश बदलते. म्हणून दोघांच्या दोऱ्या शेजारी लावल्या की नातं कळतं."

मी ऐकता ऐकता हरवलो. खिडकीबाहेर उन्हात एक मोह उभा होता. त्याच्या पानापानात, माझ्या तळहातात, कुठेतरी झुडपाखाली पेंगणाऱ्या वाघात तीच दोरी, तशीच घड्या घालून बसलेली. मला माझं अंग पाण्यासारखं हलकं वाटलं.

"बाटली आणि पाकीट," मॅडम म्हणाल्या, "दोरीतली जवळपास पंधराशे अक्षरं शेजारी लावली. एकही फरक नाही."

मी उठलोच. "मशीन चुकली असन."

"दोनदा केलं."

"दोन-चार अक्षरं तं इकडची तिकडे असतीलच. नीट पाहा ना, मॅडम."

"ही भाजी नाही, भाऊ, वरून दोन घालायला." मग त्याच म्हणाल्या, "इतकं मात्र खरं, की दोरी सारखी निघाली म्हणून जिवाणू तंतोतंत एकच, असं सिद्ध होत नाही. फार जवळचे असले की ती त्यांच्यातला फरक दाखवत नाही."

"तेच लिहून द्या."

"देते. आधी सांगा, वाढवता कशात?"

मी वाढवायचो एका ड्रमात. ड्रम त्या दुकानदाराचाच होता. त्यात तो पाकिटातली भुकटी भिजवायचा. जुना म्हणून मी तो इतका घासाघीस करून घेतला होता की शेवटी त्याने हात जोडले होते. घरी आणून नुसता पाण्याने विसळला. आणि दर खेपेला, पुढच्या खेपेचं बी म्हणून, तळाशी लोटाभर पाणी राखत आलो. माझ्या गुळावर इतके हंगाम त्याचा जिवाणू पोसला जात होता.

"ड्रम त्याचा हाय," मी म्हणालो.

"मग बांधीतच जाऊ."

मॅडमनी चिखलात उतरून धान मुळासकट उपटलं, बोडीच्या पाण्यात धुतलं. महिन्याभराने मॅडमच्या टेबलावर दुसरा कागद आला. त्यात पाकिटापेक्षा वेगळी निघालेली चार अक्षरं लाल होती.

"चार," मी म्हणालो.

"बदल तीनच धरा. ही दोन समोरासमोरची आहेत. इथलं बदललं म्हणून पलीकडचंही बदललं, नाहीतर जोडी सुटली असती आणि दोरीची घडी मोडली असती."

मी घासाघीस केली नाही. कुठल्या काळच्या चिखलात एक अक्षर निसटलं असेल आणि किती पिढ्यांनी समोरच्याने त्याच्यासाठी कूस बदलली असेल, ते पाहत बसलो. परतताना बसमध्ये डोळा लागला तर सागाच्या रांगा समोरासमोर हात धरून पळत होत्या.

जागा झालो तेव्हा पिशवीत दोन कागद होते. दुकानदाराचं तोंड बंद करायला दुसरा एकटा पुरला असता, आणि मी तेच ठरवलं होतं. पण बांधीतल्या जिवाणूच्या नव्या बाटल्या भरायच्या तर विकलेल्या जुन्या परत घ्याव्या लागणार होत्या, आणि लोक कारण विचारणारच होते. मी दुकानात जाऊन दोन्ही कागद दुकानदारापुढे ठेवले.

"बाटलीत तुहा होता, तुह्याच ड्रमातून आलेला. बांधीतला माहा हाय. आता बाजारात सांग. तवा बोलला तेवढ्याच जोरानं."

त्याने चष्मा लावून सावकाश वाचलं, न कळलेलं मला विचारलं. "सांगतो ना," तो म्हणाला. "पण दोन्ही सांगतो. ड्रमाचंही."

"ड्रमाचं कायले?"

"अर्धं सांगाले मी का तुह्या घरचा हाय?"

मी बाहेर पाहिलं. दारासमोर बाजाराच्या ताडपत्र्या बांधणं चालू होतं. ज्यांच्यापुढे तो बोलला होता, त्यातले दोघे-तिघे तिथेच टोपल्या उतरवत होते.

"दोन्ही सांग," मी म्हणालो. "पण बांधीचं आधी."